इंदिगिर्का : थंडीत वर येणारं पाणी

गुरुवार, रात्री साडेअकरा

जेवणं आटोपल्यावर नकाशा उघडला तो अजून मिटवलेला नाही. ईशान्य सायबेरियातली इंदिगिर्का नदी. तिच्या काठाजवळचं ओयम्याकोन गाव सगळ्यांना ठाऊक असतं, कारण १९३३च्या फेब्रुवारीत तिथं उणे ६७.७ अंश तापमान नोंदलं गेलं. त्यापायी उकळतं पाणी हवेत उडवायचे शेकडो व्हिडिओ निघतात, पण नदीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मला त्या आकड्यापेक्षा नदीतच जास्त रस आहे.

लांबी १,७२६ किलोमीटर. ओयम्याकोनच्या पठारावरून निघते ती उत्तरेला, पूर्व सायबेरियन समुद्राकडे. वाटेत चेर्स्की पर्वतरांग आडवी येते, तर ही बया ती कापूनच पलीकडे जाते. आणि ती रांग नकाशावर आली कधी? १९२६ साली, भूगर्भशास्त्रज्ञ सर्गेई ओब्रुचेव्हच्या मोहिमेत. एव्हरेस्टची उंची जाहीर होऊन तेव्हा सत्तर वर्षं झाली होती, आणि इकडे तीन हजार मीटरची शिखरं असलेली अख्खी रांग नकाशात नव्हती!

आज मात्र मी अडकले ते मोमा या उपनदीपाशी. उपग्रहाच्या चित्रात हिरव्या दरीच्या मधोमध एक पांढराफटक पट्टा दिसतो, तोही भर उन्हाळ्यात. याकूत लोक त्याला तारिन म्हणतात. हिवाळ्यात उथळ पात्र तळापर्यंत गोठतं. खालची जमीन तर बारमाही गोठलेली. मधल्या वाळू-गोट्यांतून झिरपणारं पाणी कोंडतं, दाब वाढतो, बर्फाला तडा जातो आणि पाणी वर येऊन पसरतं. पसरलं की गोठतं. मग पुन्हा कोंडी, पुन्हा तडा. असे थरावर थर चढून वसंतापर्यंत कित्येक मीटर जाडी होते. मोमावरचं उलाखान-तारिन एवढं अवाढव्य आहे की उन्हाळ्यातही सगळं विरघळत नाही.

त्या भागात पक्के रस्ते जवळजवळ नाहीतच. इंदिगिर्काकाठच्या उस्त-नेरा गावाच्या खालच्या अंगाला हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरूनच ट्रक जातात. वरून कोरडा दिसणारा बर्फ, त्यावर ताजं हिम भुरभुरलेलं, आणि त्याखाली हे नुकतं वर आलेलं पाणी. चाक पापुद्रा फोडून त्यात रुतलं की काही वेळातच भोवतीचं पाणी घट्ट होतं आणि गाडी जागेवर जखडते. मग कुऱ्हाडीनं बर्फ फोडत बसायचं. थंडीला काय, माणूस अंगभर फर घालून तोंड देतो. तिथले ड्रायव्हर पाण्याला भीत असतील तर मला नवल वाटणार नाही.