निपाणीत चालतंय, इथं का चालंना?

सोमवारी सकाळी सव्वादहाला शिपाईमामांचा फोन आला. "सर, कुठं हाय? लवकर या की, लोकं बोंबलूलाल्यात." मागे पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करणाऱ्या एजंटांचा गलका ऐकू येत होता. दोन दिवसांची जमलेली पिग्मी सोमवारी पहिल्या तासातच भरायची असते, त्यामुळे बेळगावातल्या पतसंस्थेत ही वेळ म्हणजे निव्वळ बाजार. आणि नेमकं तेव्हाच काउंटरवर सॉफ्टवेअर उघडत नव्हतं. तिथले संगणक सांभाळायचं काम माझं.

टिळकवाडीतून निघालो आणि रेल्वे गेटला अडकलो. तेवढ्यात निपाणी शाखेला फोन लावला. "आमच्याकडं मस्त चालतंय की. पहिल्यापेक्षा फास्ट." खानापूरला लावला, तिथेही तेच. चंदगडला पाऊस, लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर बसलेत, पण लॉगिन होतंय. मल्टिस्टेट असल्यामुळे चंदगडची शाखा महाराष्ट्रात. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना सगळं सुरळीत, आणि बंद फक्त मुख्य कार्यालय. सर्व्हर ज्या इमारतीत आहेत तेच.

दुसरा शनिवार आणि रविवार धरून मीच तिथे लोड बॅलन्सर बसवला होता. मार्चअखेरीला एकटा सर्व्हर गुडघे टेकायचा, म्हणून दुसरा घेतला आणि दोघांच्या पुढे हे यंत्र ठेवलं. शाखांनी आणि काउंटरांनी यंत्राचा पत्ता गाठायचा, पुढचं काम दोन सर्व्हरांत ते वाटून देणार. रविवारी संध्याकाळी घरून व्हीपीएनने, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या वाटेने, चाचणी घेतली, निपाणीच्या क्लार्कला मुद्दाम ऑफिस उघडायला लावून तिथूनही घेतली. सगळं पास. मग निवांत झोपलो.

मॅनेजरसाहेब दारातच उभे होते. "अरे बाबा, निपाणी इथून ७५ किलोमीटर. तिथं चालतंय, मग इथं का चालंना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी केबल हलवल्या, स्विच बंद करून चालू केला, एका संगणकावरचा अँटीव्हायरस काढून पाहिला. काही कळेनासं झालं की माणूस जे करतो ते सगळं करून झालं. काउंटरवरून पिंग, म्हणजे 'पोचतंय का?' ही चाचणीची हाक, जात होतं. लोड बॅलन्सरच्या पडद्यावर दोन्ही सर्व्हर हिरवे होते. या हिरव्या दिव्यावर माझा तेव्हापासून राग आहे. यंत्र दर पाच सेकंदांनी सर्व्हरला स्वतःच विचारतं, "आहेस का?" आणि तो म्हणतो, "आहे." काउंटरवरच्या माणसाचं काय चाललंय, हे त्यात कुठेच येत नाही. पिंगचंही तेच. त्याला यंत्र स्वतः उत्तर देतं, सर्व्हरपर्यंत ते जातच नाही.

शेवटी तीन नंबरच्या काउंटरची केबल काढून माझ्या लॅपटॉपला लावली आणि टीसीपीडम्प, म्हणजे येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट दाखवणारा प्रोग्राम, सुरू केला. पहिल्या चार ओळींतच सगळं होतं. माझ्या १९२.१६८.५.६१ या पत्त्यावरून १९२.१६८.५.१०० ला, म्हणजे लोड बॅलन्सरला, सिन (जोडणीची पहिली हाक) गेला. सिन-अ‍ॅक (त्या हाकेला 'ओ') परत आला, पण १९२.१६८.५.२२ कडून. हा तर थेट सर्व्हरचा पत्ता. माझ्या लॅपटॉपने त्याला तिथल्या तिथे रीसेट, म्हणजे 'तुला बोलावलंच नव्हतं', पाठवला. एका सेकंदाने १०० ला पुन्हा सिन. पुन्हा २२ कडून उत्तर, पुन्हा रीसेट. मग दोन सेकंदांनी, मग चार सेकंदांनी. हे असंच.

साहेबांना सांगितलं, "समजा तुम्ही चेअरमनना फोन लावलाय. रिंग वाजतेय. तेवढ्यात दुसऱ्याच नंबरवरून कुणाचा तरी फोन येतो, 'बोला, काय काम होतं?' तुम्ही राँग नंबर म्हणून ठेवून देता आणि चेअरमन कधी उचलतात याची वाट बघत बसता."

"मग हा मधला का बोलतोय?"

कारण मी नेटवर्क सपाट ठेवलं होतं. काउंटर, सर्व्हर, लोड बॅलन्सर, सगळे १९२.१६८.५ या एकाच गल्लीत. लोड बॅलन्सर येणाऱ्या पॅकेटवरचा फक्त 'कुणाला' बदलत होता, 'कुणाकडून' तसंच ठेवत होता. निपाणीचा पत्ता सर्व्हरला परका, म्हणून तो उत्तर गेटवेकडे, म्हणजे गल्लीबाहेर जायच्या नाक्यावर, द्यायचा. गेटवे म्हणजे पुन्हा लोड बॅलन्सरच, तो आपला पत्ता घालून पुढे पाठवायचा. पण ५.६१ हा सर्व्हरच्या गल्लीतलाच. त्याच्याकडे जायला गेटवे कशाला? सर्व्हर सरळ त्याचं दार वाजवत होता. काखेत कळसा असताना मी सगळ्यांना गावाचा वळसा घालायला लावला होता, आणि सर्व्हरने आपला वळसा घातला नाही एवढंच.

उपाय पाठ होता: सोर्स नॅट. लोड बॅलन्सरने 'कुणाकडून' या जागीही स्वतःचाच पत्ता घालायचा, म्हणजे उत्तर झक मारत त्याच्याकडेच येतं. एक खूण केली, सेव्ह दाबलं, काउंटर सुरू. मामांनी चहा सांगितला. तो येईपर्यंत कॅशच्या मॅडम उठून आल्या. "सर, मी आत गेले की दोन नंबर बाहेर पडतोय. तो आत आला की मी बाहेर."

हे माझ्या डोक्यातच नव्हतं. त्या सॉफ्टवेअरमध्ये कॅशियर काउंटरला बांधलेला, आणि काउंटर ओळखायचा तो आयपी पत्त्यावरून. एका काउंटरवर एकच लॉगिन. आता सर्व्हरला १४ काउंटर आणि सगळ्या शाखा एकाच पत्त्यावरून येताना दिसत होत्या. एका खुर्चीवर सगळी पतसंस्था. दहा मिनिटांत निपाणीचाही फोन आला, आता त्यांचंही बंद.

खूण काढली. शाखा सुरू झाल्या. मग प्रत्येक काउंटरवर जाऊन होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे संगणकाच्या स्वतःच्या पत्त्यांच्या वहीत, सर्व्हरचा थेट पत्ता लिहिला, आठ जणांना पहिला, सहा जणांना दुसरा. लाखभर रुपयांच्या यंत्राचं काम मी हाताने वाटून दिलं म्हणायचं. पण साडेबारापर्यंत पिग्मीची रांग संपली.

सॉफ्टवेअरवाल्यांना फोन करून विचारलं, एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडरमधून, म्हणजे विनंतीला जोडलेल्या चिठ्ठीतून, मूळ पत्ता वाचता येईल का? लोड बॅलन्सर तो घालून देऊ शकतो, पण पलीकडे वाचणारा हवा. पुढच्या व्हर्जनमध्ये बघू म्हणाले. मग एकच वाट उरली, काउंटर आणि सर्व्हर वेगळ्या गल्लीत बसवायचे. दोन सर्व्हर हलवणं चौदा काउंटरांपेक्षा सोपं, असं आधी वाटलं. पण प्रत्येक शाखेच्या राउटरमधल्या टनेलमध्ये (मुख्य कार्यालयापर्यंतच्या खासगी वाटेत) सर्व्हरचं नेटवर्क लिहिलेलं, म्हणजे चंदगडच्या पावसात जाऊन ते बदलणं आलं. काउंटरच हलवले. सहानंतर स्विचवर नवीन व्हीलॅन, म्हणजे वेगळी गल्ली, केला, काउंटरांना १९२.१६८.२० मधले पत्ते दिले, सॉफ्टवेअरमध्ये चौदाही नव्याने नोंदवले, होस्ट्स फाइली पुसल्या.

साडेआठला मॅडमच्या खुर्चीवर बसून लॉगिन केलं, मामांना दोन नंबरवर बसवलं. दोघंही आत राहिलो. टीसीपीडम्पमध्ये सिन १०० ला, उत्तर १०० कडूनच. डेबुकचा, म्हणजे दिवसभराच्या व्यवहारांचा, रिपोर्ट प्रिंटला दिला आणि काहीच निघालं नाही. प्रिंटर चालू, कागद भरलेला. मामांनी टॉर्च मारून त्याच्या मागे वाकून पाहिलं आणि चिकटवलेली पट्टी वाचून दाखवली, "एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, पाच, दोनशे. बदलू नये."

अक्षर माझंच होतं.