सर्व्हर माळ्यावर

जुना लॅपटॉप, त्याला लावलेली चार टीबीची हार्ड डिस्क आणि आत उबंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम. आमच्या घरच्या सर्व्हरचा थाट एवढाच. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण बंद झाली आणि जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळं १५ जीबीत कोंबायची वेळ आली. तेव्हापासून फोटो आणि गाणी आपल्याच घरच्या यंत्रावर ठेवायचं डोक्यात होतं.

फोटोंसाठी इमिच हे सॉफ्टवेअर घातलं. ते चेहरे ओळखून गठ्ठे लावतं. लग्नात फेटे बांधून बसलेले आमचे चार काका त्यानं एकाच नावाखाली घातले. आत्ती म्हणाली, "बरोबर हाय की, सगळे सारखेच फुगून बसल्यात."

वेळ खाल्ला तो गाण्यांनी. गाण्यांसाठीचं सॉफ्टवेअर नेव्हिड्रोम, ते फाइलमधल्या टॅगवर, म्हणजे गाण्यासोबत लिहिलेल्या माहितीवर चालतं: आर्टिस्ट, अल्बम, ट्रॅक नंबर. सिनेमाच्या गाण्यांना हे चालून जातं, जरी आर्टिस्ट म्हणजे गायक की संगीतकार हा वाद तिथंही आहेच. पण तीन मिनिटांच्या जुन्या तबकडीचा अल्बम कोणता लिहायचा? केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अवकाशात गेली. माझ्या घरात ती 'अननोन अल्बम'मध्ये पडून होती. शेवटी मी अल्बमच्या रकान्यात सरळ रागाचं नाव लिहायला लागलो. जाणकार नाक मुरडतील. पण आता राग उघडला की केसरबाई, मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर एका पंगतीत येतात. सगळे अल्लादियाखाँसाहेबांच्या घराण्याचे, आणि खाँसाहेब तर आमच्या शाहू महाराजांच्या दरबारचे. हे नातं कुठल्याच टॅगमध्ये बसत नाही, ते सोडा.

बॅकअपचा नियम सगळीकडे एकच: तीन प्रती, दोन वेगळी साधनं, एक प्रत घराबाहेर. यातली घराबाहेरची प्रत लोकांना पटवून द्यावी लागते म्हणे. पंचगंगेकाठच्या माणसाला नाही. २०१९ च्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं आणि धोक्याची पातळी आहे ४३. पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकलं, की आमच्या गल्लीत कागदपत्रं, टीव्ही, धान्याचे डबे वर चढायला लागतात. त्यामुळे पावसाळ्यात सर्व्हर माळ्यावर. उन्हाळ्यात तिथं पत्रा तापतो, तेव्हा खाली. वर्षातून दोनदा स्थलांतर करणारा सर्व्हर दुसरीकडे कुठं असेल असं वाटत नाही.

घराबाहेरची डिस्क कळंब्याला आत्तीकडे, कपाटात, इरकली साड्यांच्या खाली. अधूनमधून जाऊन ती बदलून आणतो. ठेवून घ्यायला तिची अट एकच: भजनांचा पेनड्राइव्ह भरून द्यायचा. राग, अल्बम, आर्टिस्ट काही लिहिलं नाही तरी चालेल, "दत्ताची तेवढी पहिल्यांदा घाल."