होर्डिंगपेक्षा पत्र्याच्या कुंपणाला जास्त पिक्सेल लागतात

पुण्यात बाणेर-बालेवाडीकडे बांधकामाभोवती पत्र्याचं कुंपण असतं, त्यावर इमारतीचं चित्र असतं. तेच चित्र बायपासच्या होर्डिंगवरही लागतं आणि पुष्कळदा दोन्हींसाठी एकच रेंडर (संगणकात थ्रीडी मॉडेलवरून काढलेलं चित्र) वापरला जातो. होर्डिंगवर तो झकास दिसतो. पत्र्यावर मात्र पानांचा लगदा होतो आणि बाल्कनीच्या ग्रिलला पायऱ्या पडतात.

रिझोल्युशन ठरतं ते बघणारा किती लांब उभा आहे यावर. निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा वेगळा ओळखतो. त्यावरून सोपा हिशेब निघतो: ८७ ला मीटरमधल्या अंतराने भागा, तेवढे पिक्सेल दर इंचाला हवेत. एका मीटरवर ८७, दीड मीटरवर ५८, वीस मीटरवर जेमतेम ४-५. त्यावर थोडी पदरची भर घाला. (बाजारात याला सरसकट डीपीआय म्हणतात. मशीनचा ७२० किंवा १४४० डीपीआय हा शाईच्या ठिपक्यांचा आकडा आहे, त्याचा रेंडरशी संबंध नाही.)

आता ४० × २० फुटी होर्डिंग घ्या. कुणी ‘३०० डीपीआयच पाहिजे’ म्हणालं, तर १,४४,००० × ७२,००० म्हणजे १,०३६ कोटी पिक्सेल होतात. लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे ३२ बिट फ्लोटचे चार चॅनल धरले की पिक्सेलला १६ बाइट, म्हणजे नुसत्या चित्राला १६६ जीबी. तेच २० डीपीआयला ९,६०० × ४,८००, ४.६ कोटी पिक्सेल, आणि रस्त्यावरून बघायला तेवढे भरपूर झाले. पत्रा ३० × ८ फूट, फुटपाथवरून दीड मीटरवर. ७२ डीपीआय धरा: २५,९२० × ६,९१२, म्हणजे १७.९ कोटी. क्षेत्रफळ होर्डिंगच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी, पिक्सेल जवळजवळ चौपट. म्हणून रेंडर पत्र्याच्या मापाने करा आणि होर्डिंगची चौकट शक्यतो त्यातूनच काढा.

फ्रेमवर दुमडायला चारही बाजूंनी ३ इंच जास्तीचे लागतात. हे रेंडरच्या आधीच धरायचं, नंतर चित्र ताणलं की खिडक्यांचं प्रमाण बिघडतं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये नुसतं रिझोल्युशन वाढवलं तर कॅमेऱ्याचा कोन तोच राहतो आणि कडेला नवीन काही मिळत नाही. २५,९२० चे २६,३५२ केले (दोन्हीकडे २१६), तर ब्लेंडरमधल्या कॅमेऱ्याच्या सेन्सरची रुंदीही त्याच प्रमाणात ३६ वरून ३६.६ मिमी करा. उंची ७,३४४.

एवढं चित्र एका दमात ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत मावलं नाही तर रेंडर रीजन (चित्राचा ठरावीक भागच रेंडर करण्याची सोय) वापरून चार उभ्या पट्ट्या करा. ‘क्रॉप टू रेंडर रीजन’ बंद ठेवा. प्रत्येक फाइल पूर्ण मापाची येते आणि थर एकमेकांवर आपोआप जुळतात. शेजारच्या पट्ट्या दीडशे पिक्सेल तरी एकमेकींवर चढू द्या. डीनॉयझर (रेंडरमधले दाणे पुसणारं साधन) प्रत्येक पट्टीच्या काठाशी थोडा वेगळा वागतो, त्यामुळे काठाला काठ लावला तर आकाशात शिवण दिसते. चढलेल्या भागात मऊ मास्क लावला की ती जाते. ग्लेअर, व्हिग्नेट (कडांचा अंधार), दिव्यांभोवतीची झळाळी हे सगळं पट्ट्या जोडल्यानंतरच करा. पट्टीगणिक केलं तर दिव्याची झळाळी मध्येच कापली जाते.

नॉइजबद्दल, म्हणजे दाण्यांबद्दल, एक दिलासा आहे. रिझोल्युशन दुप्पट केलं की जिथे एक पिक्सेल होता तिथे चार येतात आणि लांबून डोळा त्यांची सरासरीच बघतो. म्हणून सॅम्पल (प्रत्येक पिक्सेलमागे सोडलेले किरण) एक चतुर्थांश केले तरी प्रिंटमध्ये दाणा तेवढाच दिसतो आणि वेळही फारसा वाढत नाही. स्क्रीनवर ४०० टक्के झूम करून दाणे मोजत बसू नका. २४ इंची फुल एचडी मॉनिटर साधारण ९२ पिक्सेल प्रति इंच असतो, त्यावर ७२ डीपीआयचं चित्र खऱ्या मापात बघायला झूम १२८ टक्के लागतो. तो लावा, दीड मीटर मागे सरका, आणि मग ठरवा.

रेंडर मोठा केल्यावर खरं उघडं पडतं ते टेक्स्चर, म्हणजे मॉडेलच्या पृष्ठभागावर चढवलेलं चित्र. कॅमेऱ्याजवळची भिंत चित्रात ४,००० पिक्सेल रुंद येत असेल आणि तिच्यावर २,०४८ चं टेक्स्चर एकदाच पसरलं असेल, तर कितीही सॅम्पल द्या, ती पुसटच राहणार. सगळी टेक्स्चर बदलायची गरज नाही, पुढची चार-पाच बदला. डिस्प्लेसमेंटला (पृष्ठभागाला खरे उंचवटे देण्याला) अ‍ॅडॅप्टिव्ह सबडिव्हिजन (गरजेप्रमाणे जाळी बारीक करणं) असेल तर उलटी अडचण येते: डायसिंग रेट, म्हणजे जाळीच्या एका तुकड्याचं माप, पिक्सेलमध्ये मोजतात, म्हणून चौपट पिक्सेलना चौपट जाळी तयार होते आणि मेमरी तिथेच संपते. रेट १ वरून २ किंवा ३ करा. एआयने मोठं करणं होर्डिंगपुरतं चालतं, पत्र्यावर ग्रिल आणि जाळ्या वाकड्या होतात.

रंगात सगळ्यात जास्त फसतं ते संध्याकाळचं गडद निळं आकाश. शाईत ते जांभळ्याकडे झुकतं. प्रिंटरकडून त्याच मीडियाचा (ज्यावर छापायचं त्या साहित्याचा) रंगाचा प्रोफाइल मागा आणि सॉफ्ट प्रूफ (छापल्यावरचे रंग स्क्रीनवर) बघा. तो मिळाला नाही तर सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांच्या रंगांत) स्वतः बदलू नका. एसआरजीबी (स्क्रीनच्या रंगांचा) प्रोफाइल जोडून फाइल द्या, रूपांतर रिपमध्ये (छपाई मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये) एकदाच होऊ दे. आकाशात पट्टे पडू नयेत म्हणून शेवटपर्यंत १६ बिट ठेवा आणि अगदी हलका ग्रेन (बारीक दाणा) घाला.

१६ बिटचा एक थर १ जीबीच्या वर जातो आणि पीएसडीची (फोटोशॉपच्या नेहमीच्या फाइलची) मर्यादा २ जीबी आहे, म्हणून पीएसबीमध्ये (तिच्या मोठ्या फाइलींसाठीच्या रूपात) काम करा. प्रिंटरला थर एकत्र केलेली टिफ द्या. मजकूर आणि लोगो रेंडरमध्ये नकोत, वेगळ्या व्हेक्टर पीडीएफमध्ये १:१० मापात द्या, कारण पीडीएफचं पान सहसा २०० इंचांपुढे जात नाही. होर्डिंगचा फ्लेक्स साधारण १० फुटी रोलचा असतो. २० फूट उंचीत जोड येतोच, तो लोगोवर येणार नाही ना ते आधी विचारा.

पूर्ण ऑर्डरआधी सर्वांत अंधारा, सर्वांत निळा आणि सर्वांत बारीक तपशिलाचा असे एकेक चौरस फुटाचे तीन तुकडे त्याच मीडियावर काढून घ्या आणि ते दुपारच्या उन्हात, पत्र्यावर लावून बघा.