आदल्या दिवशी बदललेली वाट

साताऱ्यात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. डोंगरात सायकल चालवणारी पोरं वाढत गेली, तसं माउंटन बाइकचं काम वाढलं आणि त्याबरोबर आमच्या भागातल्या एका शर्यतीचा मार्ग आखायची जबाबदारीही माझ्याकडे आली. स्पर्धकांना शर्यतीचा दिवस दिसतो. माझं खरं काम त्याच्या आदल्या दिवशी असतं. पिशवीत रिबिनी, बाणांचे फलक, फक्की, कोयता आणि पंक्चरचं सामान भरायचं आणि अख्खा मार्ग एकदा तपासून यायचा. सोप्या जागी सायकलवरून, अवघड जागी पायी.

मार्ग कुठून न्यायचा नाही, हे आम्ही आधी ठरवतो. कासचं पठार पहिल्यापासून वगळलेलं. पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली, त्यात कास आहे. पण यादीत नसतं तरी मी तिथे चाक नेलं नसतं. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या सपाट कातळावर, मातीचा थर जेमतेम. त्या थोडक्या मातीतच कंद आणि बी पुढच्या पावसाची वाट बघत पडून असतात. अजिंक्यताऱ्यावरही आमच्या सायकली गाडीरस्त्यावरच थांबतात, पुढे पायी. १७०० च्या वेढ्यात औरंगजेबाच्या फौजेने या किल्ल्याचा तट सुरुंगाने उडवला. दुसऱ्या सुरुंगाचा ढिगारा त्यांच्याच सैनिकांवर कोसळला. आत प्रयागजी प्रभू किल्ला लढवत होते. त्या चिऱ्यांवरून उड्या मारायला मी कुणाला लावणार नाही. दुकानात येणाऱ्या शाळकरी पोरांना हे सगळं मी हवा भरता भरता सांगतो, आणि ती ऐकतात.

राहिला तो यवतेश्वरच्या बाजूचा डोंगर. घाट चढायचा, पठाराच्या कडेने जायचं आणि एका सोंडेवरून खालच्या वाडीकडे उतरायचं. ही जमीन गावाचं गायरान, ग्रामपंचायतीची परवानगी रीतसर घेतलेली. सोंडेवरचा तो उतार म्हणजे शर्यतीचा जीव. पुण्या-कोल्हापूरकडची मंडळी खास त्याच्यासाठी येतात. समोर अजिंक्यतारा, खाली सातारा शहर, आणि मधे सरळ खाली धावणारी मुरमाड वाट.

त्या नोव्हेंबरमध्ये मी मार्ग तपासायला निघायच्या आदल्या रात्री अवकाळी सर जोरात कोसळून गेली. सकाळी मी सोंडेच्या माथ्यावर पोहोचलो तेव्हा आभाळ मोकळं होतं आणि रात्रीचं पाणी कुठून कुठे गेलं ते जमिनीवर स्वच्छ उमटलेलं होतं. गवत एका अंगाला झोपलं होतं, काडीकचरा दगडांपाशी अडकला होता, बारीक रेती पुढे वाहून गेली होती. मार्ग तपासायला याच्याइतकी चांगली वेळ नाही. कोरड्या दिवशी हे काहीच दिसत नाही.

वाटेचा मधला भाग पाहून मी सायकल आडवी टाकली आणि खाली बसलो. ऑगस्टमध्ये पाहिली तेव्हा तिथे चार बोटं खोल खोबण होती. आता माझा पाय गुडघ्यापर्यंत आत जात होता. दोन्ही कडा उभ्या तुटलेल्या, तळाला नुसता मुरूम धुऊन निघालेला काळा दगड. मधल्या दोन महिन्यांत बाहेरून सरावाला येणाऱ्यांनी हा उतार पुन्हा पुन्हा घासला होता. त्याच्या खुणाही होत्या, कडेच्या ओल्या मातीत लांबच लांब ओढलेले चाकांचे पट्टे.

हे कसं होतं ते सांगायला हवं, कारण रोज गिऱ्हाइकांना मी हेच समजावतो. उतारावर पुढचा ब्रेक दाबायची भीती वाटते, म्हणून नवखा माणूस नुसता मागचा ब्रेक दाबून धरतो. उतारावर वजन पुढे गेलेलं असतं, मागचं चाक हलकं झालेलं असतं, ते लगेच जाम होतं. जाम झालेलं चाक फिरत नाही, नांगरत जातं. दोन्ही ब्रेक हलके हलके वापरले, अंग मागे-खाली नेलं, तर चाक फिरत राहतं आणि जमीन शाबूत राहते. एका चाकाने ओढलेली रेघ क्षुल्लक वाटते, पण पहिल्या पावसात पाणी तीच रेघ धरतं.

त्यात ही वाट मुळात चुकीच्या दिशेने पडलेली. मी मोबाइलवर उतार मोजला. डोंगराचा उतार तीस टक्क्यांच्या आसपास आणि वाटेचा बावीस. डोंगरातल्या सायकलवाटांचा एक साधा नियम आहे: वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको, आणि सरासरी दहा टक्क्यांच्या आत असेल तर वाट टिकते. निम्म्याच्या आत असलं की पाणी वाट ओलांडून खाली निघून जातं. निम्म्याच्या वर गेलं की ते वाटेतूनच धावायला लागतं. इथे तर वाटेची पन्हाळ झाली होती.

मी मोजत असताना खालून एक आजी वर आल्या. डोक्यावर चुंबळ, हातात विळा. गवत कापणीचे दिवस होते. त्या काही बोलल्या नाहीत, आधी माझं काय चाललंय ते पाहिलं. मग म्हणाल्या, "मोजून झालं आसंल तर खाली चल, तुला एक दावते."

झऱ्याचं टाकं होतं. दगडात बांधलेलं, चार हात लांब, वाडीची गुरं आणि उन्हाळ्यात माणसंही त्यावर अवलंबून. पाणी लालसर गढूळ, आणि तळाला मुरमाचा थर. आजींनी काठावरचं घमेलं उचललं, पाण्यात बुडवलं, तळ खरवडून वर काढलं. अर्धं घमेलं मुरूम. काठाशी तसल्याच मुरमाचा ढीग आधीच पडलेला होता.

"सकाळपास्नं हेच करतीया," त्या म्हणाल्या. "आमच्या टाक्यात असला गाळ कधी न्हवता. वरनं पाणी सरळ हिथंच येतंय आता. पोरा, तुमच्या सायकलीला माझं काय न्हाय. नातू बी बघाया येतो. पन ही वाट आमची कधी न्हवतीच."

"मग तुमची वाट कुठली, आजी?"

त्यांनी विळ्याने सोंडेच्या कुशीकडे दाखवलं. गवतात दिसतही नव्हती, पण चालायला लागल्यावर पायाला कळली. डोंगराच्या अंगाने तिरकी जाणारी, खालच्या कडेला जागोजाग दगड रचलेले, दोन ठिकाणी वळण घेऊन उतरणारी. उतार मोजला, कुठेच दहाच्या वर नाही. आणि रात्रीच्या त्या पावसानंतरही तिथली माती जागची हलली नव्हती. डोक्यावर भारा घेऊन उतरणाऱ्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाय टाकत ही वाट पाडली होती. भारा घेऊन कुणी सरळ खाली उतरत नाही, उतरताच येत नाही. मी आखलेल्या सगळ्या वाटांमध्ये इतकी नेटकी वाट मला कधी जमलेली नाही, आणि हे मी मनापासून लिहितोय.

मी आयोजक दादांना फोन लावला. दीडशे स्पर्धक, प्रत्येकी दोन फेऱ्या, म्हणजे तीनशे वेळा ब्रेक दाबून माणसं या नाळीतून उतरणार. दादांचं म्हणणंही खोटं नव्हतं: नकाशे वाटून झालेत, वेळ नोंदवायचं यंत्र त्या उताराच्या खाली लागणार, लोक त्या उतारासाठी पैसे भरून आलेत, एका दिवसाने असं काय होणार? मी म्हटलं, "दादा, फोनवर नको. तुम्ही येऊन टाकं बघा, मग ठरवा." ते तासाभरात आले. टाक्यात हात घातला, मूठभर गाळ काढला आणि तिथेच उभे राहून दोन फोन केले. यंत्र हलवलं, सरळ उतार रद्द झाला.

दुपारी वाडीतली पोरं मदतीला आली. त्यांच्यातल्या एकाने माण तालुक्यात पाहुण्यांच्या गावी पाणलोटाच्या श्रमदानात काम केलं होतं. त्याने तीन काठ्या बांधून 'ए फ्रेम' उभी केली. वरच्या टोकाला दोरी, दोरीला दगड, आडव्या काठीवर कोळशाची खूण. दोरी खुणेवर आली की फ्रेमचे दोन्ही पाय एका पातळीत. ती ओळ धरून त्याने नाळीच्या तोंडाशी आडव्या चराची रेघ मारून दिली. मी फक्त एवढं सुचवलं, की बाहेरच्या बाजूला किंचित उतार ठेवू, नाहीतर पाणी चरातच साचून पुन्हा नाळीत फुटेल. त्याला ते लगेच पटलं. नाळीत आम्ही अनगड दगडांचे छोटे बांध घातले, मोठे दगड तळाला रोवून, बारके मागे ठासून. वरच्या तोंडाला करवंदीच्या काटेरी फांद्या टाकल्या, म्हणजे हौसेनेही कुणी आत शिरणार नाही. शर्यत आता आजींनी दाखवलेल्या जुन्या वाटेने जाणार होती, म्हणून अंधार पडेपर्यंत तिच्यावरचं गवत कापून रिबिनी बांधल्या. तेवढं गवत आजींनी भारा बांधून नेलं.

सकाळच्या सूचनांच्या वेळी मी मार्गबदल सांगितला तेव्हा कुरबुर झाली. एका तयारीच्या गड्याने थेट विचारलं, "तुम्ही शर्यतच सोपी केलीत का?" मी त्याला काय घडलं ते सांगितलं आणि एक नियम जास्तीचा जोडला: भारा घेतलेली बाई दिसली की सायकलवरून उतरायचं, वाट सोडून खालच्या कडेला उभं राहायचं. वेळ गेला तर गेला.

वाट सोपी नव्हतीच. तिरक्या उतारावर दोन वळणं, बाहेरच्या बाजूला मोकळं डोंगरअंग, तिथे वेगापेक्षा नजर लागते. पहिल्या वळणावर मी उभा होतो. सरळ उतारावर सुसाट जाणारे बरेच जण इथे अडखळले, आणि वाईची एक कॉलेजातली मुलगी दोन्ही ब्रेक बोटाबोटाने सोडत, नजर वळणाच्या पलीकडे ठेवून अशी गेली की मागे एक खडाही निसटला नाही. दुसऱ्या फेरीत दोघी बायका भारे घेऊन आल्या. चौघे स्पर्धक उतरून उभे राहिले. त्यातला एक सकाळी कुरबुर करणारांपैकी होता. बायका काहीतरी हसत बोलत गेल्या, मला ऐकू आलं नाही.

शर्यतीनंतर सरपंचांबरोबर बसणं झालं. सरळ उतार कायमचा बंद, सरावालाही नाही, असा फलक माथ्यावर लागला आहे. नोंदणी शुल्कातला काही भाग दरवर्षी त्या डोंगरावरच्या कामासाठी ठेवायचं दादांनी कबूल केलं, आणि पहिला हप्ता टाक्याच्या दुरुस्तीला गेलाही. नाळीतल्या बांधांपैकी खालचा एक मला कच्चा वाटतो, तो उकलून पुन्हा रचायचाय. जुन्या वाटेवर अजून तीन ठिकाणी पाणी बाहेर काढायला हवं, त्या जागा फक्कीने आखून ठेवल्यात. लागणारे दगड कुठून घ्यायचे आणि कुठले हलवायचे नाहीत ते आजी दाखवणार आहेत. मे महिन्यात पहिला वळीव पडायच्या आत हे उरकायचं आहे, आणि ज्यांना सोंडेवर सायकल चालवायची आहे त्यांनी एक रविवार घमेलं घेऊन यावं, असं मी दुकानाच्या दारावर लिहून लावलं आहे.