टिकेट बंद कधी करायचं?

रिपोर्ट सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) डाउनलोड करता यावा, एवढंच टिकेटवर, म्हणजे त्या कामाच्या नोंदीवर, लिहिलं होतं. कोड झाला, युनिट टेस्ट (कोडच्या छोट्या तुकड्यांच्या चाचण्या) हिरव्या, रिव्ह्यू होऊन मुख्य कोडमध्ये मर्जही झालं. इथे स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, "झालंय, फक्त टेस्टिंग बाकी" असं सर्रास सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. बाकी आहे, तर झालं कुठे?

म्हणून कोडला हात लावण्याआधीच मी टेस्टरला विचारलं होतं, "तू काय बघून हे पास करशील?" ती म्हणाली, "लोक फाइल एक्सेलमध्येच उघडणार. देवनागरी नावं नीट दिसायला हवीत." हे माझ्या डोक्यात आलंच नसतं. फाइल यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची एक पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) असली, तरी सुरुवातीला ती ओळखायची खूण, म्हणजे बीओएमचे तीन बाइट, नसतील तर एक्सेल बऱ्याचदा एन्कोडिंग चुकीचं धरतं आणि नावांच्या जागी भलतीच अक्षरं दिसतात. शून्याने सुरू होणाऱ्या कोड नंबरांचंही तसंच: फाइलमध्ये ००४५, एक्सेलमध्ये नुसतं ४५. नावांचा प्रश्न तीन बाइटांत सुटला. शून्यांवर सीएसव्हीत धड इलाज नाही, म्हणून डाउनलोडच्या बटणाशेजारी एक टीप द्यायची असं प्रॉडक्ट ओनरशी (काय बनवायचं हे ठरवणाऱ्याशी) बोलून ठरवलं, आणि ते टिकेटवरच लिहून ठेवलं.

स्क्रम ही टीमने छोट्या टप्प्यांत (स्प्रिंटमध्ये) काम करायची पद्धत. तिच्या २०२० च्या गाइडप्रमाणे 'डेफिनिशन ऑफ डन'मध्ये, म्हणजे काम 'झालं' कधी म्हणायचं याच्या ठरलेल्या निकषांत, न बसणारं काम रिलीज करणं सोडाच, स्प्रिंट रिव्ह्यूमध्ये (टप्प्याच्या शेवटच्या आढाव्यात) दाखवायचंही नसतं. नियम कडक वाटतो, पण डेमोच्या आदल्या रात्रीची धावपळ वाचते.

खरा वाद झाला फीचर फ्लॅगवरून, म्हणजे सुविधा चालू-बंद करायच्या कोडमधल्या स्विचवरून. कोड प्रोडक्शनवर (युजर्स वापरतात त्या सिस्टीमवर) गेला होता, फ्लॅग मात्र बंद. मॅनेजर म्हणाले, "टाका बंद करून टिकेट." मी अडून बसलो. मोठा रिपोर्ट काढताना रिक्वेस्ट टाइमआउट होते का, म्हणजे वेळ संपून अर्ध्यात तुटते का, हे खऱ्या डेटावरच कळणार होतं. आधी मोजक्या युजर्सना फ्लॅग चालू केला, लॉग (सिस्टीमच्या नोंदी) पाहिले, मग सगळ्यांना. शेवटी फ्लॅगच कोडमधून काढला. हे काम वेगळ्या टिकेटवर ढकललं, की कुणीही करत नाही.

मध्येच "पीडीएफपण देऊया का?" आलं. त्याला नवीन टिकेट. हेडरला रंग हवा, असंही कुणीतरी म्हणालं. सीएसव्हीत रंग नसतात, हे समजावून सांगावं लागलं. फंक्शनची नावं आणखी सुबक करायची खुमखुमी मलाही होतीच. पण रिव्ह्यू करणाऱ्याला कोड एका वाचनात कळला होता, म्हणून हात आवरला आणि टिकेट बंद केलं.