पहिला पसंतीक्रम

माझ्या एका विद्यार्थिनीचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे इंजिनिअरिंगला कोणती कॉलेजं कोणत्या क्रमानं हवीत तो अर्ज, मीच भरून दिला. २०२५ चा जुलै संपत आला होता. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी, ती आणि तिचे वडील, असे तिघंच होतो. ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर आला. त्यांनी एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला, मी टाकला आणि फॉर्म लॉक झाला. त्या फॉर्ममधली पहिली ओळ अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावी मी अकरावी-बारावीला गणित शिकवते. बारावीची बोर्डाची परीक्षा संपली की आमचं काम संपलं असं लोकांना वाटतं. खरी धावपळ तिथून पुढे सुरू होते. आधारवर एक नाव, दहावीच्या मार्कलिस्टवर दुसरं. नॉन क्रिमी लेयरची मुदत ३१ मार्चला संपलेली. डोमिसाइल सेतूत अडकलेलं. क्लासवाले पर्सेंटाइलचे फ्लेक्स लावून मोकळे होतात. पोरांचे फोन मात्र आम्हाला येतात आणि यायलाच हवेत. 'शिकवणं आपलं काम, प्रवेशाचं ज्याचं त्यानं बघावं,' असं स्टाफरूममध्ये म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी बारावी होतंय, त्या घरात हे बघणार कोण?

तिचं घर तसंच होतं. धनगर समाज, म्हणजे भटक्या जमाती क (भज-क). वडील अजूनही दिवाळीनंतर मेंढरं घेऊन नदीकाठाकडे उतरतात. मुलगी हुशार. गणितात तिला एखादी पायरी गाळलेली चालायची नाही, हात वर करून विचारायची. आजीला मिरजेच्या दवाखान्यात न्यायचे तेव्हा सांगली-मिरज रस्त्यावर विश्रामबागला एसटीच्या खिडकीतून तिला वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज दिसायचं. आठवीत असतानाच तिनं ठरवलं होतं की इथंच यायचं.

सगळं अडलं ते जात पडताळणीवर. आरक्षित जागेवर प्रवेश हवा तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा द्यावा लागतो. आजोबांचा किंवा चुलत आजोबांचा शाळेचा दाखला असेल तर प्रश्न मिटतो. रक्तनात्यातल्या कुणाची व्हॅलिडिटी आधीच झालेली असेल तर आणखी सोपं. हिच्या घरात यातलं काहीच नव्हतं. अकरावीला मी व्हॅलिडिटी लागणाऱ्या पोरांची यादी केली तेव्हा तिचे वडील म्हणाले होते, "मॅडम, आमच्यात शाळंची पायरीच कुणी चढलं न्हाई. कागुद कुठनं आणू?" मी "बघू या" म्हटलं आणि पुढच्या नावाकडे वळले. तिथं एक वर्ष गेलं. जो माणूस पिढ्यान् पिढ्या मेंढरांमागं फिरला, त्याच्याकडे साठ वर्षांपूर्वीचा शाळेचा कागद मागायचा, हा नियम ज्यांनी केला त्यांनी कधी एखादा मेंढरांचा वाडा उघड्या रानात बसलेला पाहिला असेल का, हा विचार तेव्हाही आला आणि अजून येतो.

बारावीच्या मार्चमध्ये, पेपर संपल्यावर, मी तिला आणि वडिलांना घेऊन तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेले. शाळेचं रेकॉर्ड नसलं तरी गाव नमुना १४ असतो. गावच्या जन्ममृत्यूची ही नोंदवही पूर्वी कोतवालाकडून ठेवली जायची. तीन खेपा झाल्या. पहिल्या वेळी साहेब मीटिंगला, दुसऱ्या वेळी किल्ली सापडेना. तिसऱ्या खेपेला तिथल्या शिपाईदादांनी लाल रुमालात बांधलेलं दप्तर काढून पुढ्यात ठेवलं आणि स्वतः स्टूल घेऊन शेजारी बसले. पानं बिस्किटासारखी मोडत होती. सगळी नोंद मोडीत, एका ओढीत लिहिलेली. मोडी वाचणाऱ्या गुरुजींना मी सोबत नेलं होतं. ते पोस्टकार्ड ओळीखाली धरून एकेक ओळ उतरत होते. दुपारी तीनच्या सुमाराला त्यांचं बोट थांबलं. साल १९३८. बापाच्या रकान्यात तिच्या पणजोबांचं नाव, जातीच्या रकान्यात 'धनगर', पुढे नुसतं 'मुलगा'. नाव नाही. बारशाआधीच नोंद होत असल्यानं नाव नसायचंच. पण पणजोबांना एकच मुलगा, बाकी तिघी मुली. वडिलांना अक्षरं वाचता येत नव्हती, तरी त्यांनी त्या ओळीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही. गुरुजींनी लिप्यंतराचे पैसे घेतले नाहीत.

वंशावळीचं शपथपत्र, प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचा '१५ ए' फॉर्म, बाकीचे कागद, सगळं जोडून एप्रिलमध्ये अर्ज दाखल झाला. जूनमध्ये दक्षता पथकाची गृहचौकशी झाली. त्यांनी कुलदैवत विचारलं, लग्नातल्या चालीरीती विचारल्या. सोळा तारखेला सीईटीचा निकाल आला. ९५ च्या घरात पर्सेंटाइल. वालचंदला इलेक्ट्रिकलचा आदल्या वर्षीचा भज-क मुलींचा कटऑफ काढला, तर तो तिच्या खाली होता. ओपनचा मात्र बराच वर.

व्हॅलिडिटी काही येईना. अर्जाच्या पावतीवर कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्यांमध्ये, भाग घेता येतो, पण ठरलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र दिलं नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात जातो. समितीच्या कार्यालयात मी दर दोन दिवसांनी फोन करत होते. उत्तर एकच, "प्रोसेसमध्ये आहे."

ऑप्शन भरायच्या दुपारी मी असा हिशेब केला. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा लागली की ती आपोआप फ्रीज होते. ती घ्यावीच लागते, पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद. वालचंद पहिलं टाकलं तर राखीव जागेवर ते लागणार, फ्रीज होणार. नंतर व्हॅलिडिटी वेळेत आली नाही तर ती जागाही जाणार आणि पुढच्या फेऱ्याही बंद. पोरगी वर्षभर घरी. त्या घरात मुलगी वर्षभर घरी बसली की पुढे काय होतं, ते मी दोनदा पाहिलंय. म्हणून पहिल्या ओळीत मी कोल्हापूरकडचं एक खासगी कॉलेज टाकायला सांगितलं. तिथं ओपनच्या मेरिटवरही तिला इलेक्ट्रिकल मिळालंच असतं. ती स्क्रीनकडे बघत एवढंच म्हणाली, "मॅडम, वालचंद दोन नंबरला टाकूया ना." टाकलं. त्या दोन नंबरला काही अर्थ नव्हता, हे मला माहीत होतं.

पहिली फेरी लागली. पहिला पसंतीक्रम मिळाला. फ्रीज.

दुसऱ्या फेरीचे ऑप्शन भरायच्या दोन दिवस आधी व्हॅलिडिटी आली. वडील ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर टॉवेल गुंडाळून कॉलेजवर घेऊन आले. सोबत पेढे.

त्या रात्री जेवताना मला ते सुचलं. पहिल्या ओळीत पुण्याच्या सीओईपी या नावाजलेल्या इंजिनिअरिंग संस्थेचं कॉम्प्युटर टाकायचं होतं. तिथं ९९ च्या वरची मुलं जातात, ते हिला लागणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या ओळीत ते खासगी कॉलेज, आणि वालचंद यादीतच नको. पहिल्या फेरीत दुसरी पसंती लागली असती आणि ती फ्रीज होत नाही. जागा स्वीकारायची, हजार रुपये भरायचे, पुढच्या फेरीत जायचं आणि व्हॅलिडिटी हातात आली की वालचंद पहिलं टाकायचं. २०२५ ला चार फेऱ्या होत्या. दुसरीत पहिल्या तीन पसंती फ्रीज होणार, तिसरीत पहिल्या सहा, हे नवे नियम मी वहीत लिहून घेतले होते. पहिल्या फेरीचा नियम तर जुनाच. दरवर्षी मी तो मुलांना फळ्यावर समजावते. त्या दुपारी माझ्या डोक्यात फक्त ती जागा जाण्याची भीती होती, आणि भीतीपुढे मला इतकं साधं गणित दिसलं नाही.

प्राचार्य म्हणतात, "मॅडम, तुम्ही नसता तर ती बीएस्सीलाही गेली नसती." ते मला बरं वाटावं म्हणून म्हणतात, मला कळतं. पण तिनं माझ्याकडे बीएस्सी मागितलं नव्हतं.

दिवाळीत तिचा फोन आला. पहिल्या सेमिस्टरला गणितात वर्गात पहिली आहे, हॉस्टेलचं जेवण बरं आहे. मग म्हणाली, "मॅडम, भाऊ अकरावीला आलाय आपल्याच कॉलेजला. त्याचा फॉर्म आत्ताच भरायचा ना? आता माझी व्हॅलिडिटी आहे, त्याला रेकॉर्ड रूमला जायला लागणार नाही." मी हो म्हटलं. तिला सीओईपीच्या त्या ओळीबद्दल मी अजून सांगितलेलं नाही. सोमवारी भावाचा फॉर्म भरायला ती स्वतः येणार आहे. त्या दिवशी सांगायचं ठरवलंय.