आमची वाटचाल : पत्र्याच्या कडेचे काम

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांनी सुरू केलेले आमचे वर्कशॉप मुळात डेंटिंग-पेंटिंगचे. चेपलेला पत्रा सरळ करणे आणि रंग जुळवणे हाच व्यवसाय असताना, हौसेने रुंद टायर बसवलेल्या गाड्या एका ठरावीक तक्रारीसह येऊ लागल्या : मागे तिघे बसले आणि गाडी गतिरोधकावरून उतरली की टायर मडगार्डच्या कडेला घासतो.

तेव्हा यावर सर्रास होणारा उपाय म्हणजे टायर आणि कड यांच्यामध्ये लाकडी दांडा घालून गाडी पुढे-मागे ढकलणे. कड आत वळत असे. मात्र पत्र्यावर लाटा उमटत आणि रंगाला बारीक तडे जात. आंबा घाट उतरून कोकणात जाणाऱ्या, पावसाळाभर ओल्या राहणाऱ्या गाड्यांत गंज शिरतो तो याच तड्यांतून. रंगकाम करणाऱ्या माणसाला हे पाहवत नाही, म्हणून आम्ही हबच्या (चाक ज्यावर बसते त्या भागाच्या) बोल्टांवर बसणारा फेंडर रोलर, म्हणजे मडगार्डची कड दाबून आत वळवणारे फिरत्या रुळाचे अवजार, घेतला आणि या कामाकडे गांभीर्याने वळलो.

चाक काढून रोलर बसवायचा, हीट गनने रंग मऊ पडेल इतकाच तापवायचा आणि प्रत्येक फेरीला दाब किंचित वाढवत कड आत वळवायची, असे हे धीराचे काम आहे. पुढचे फेंडर (मडगार्ड) म्हणजे बोल्टवर बसणारा सुटा पत्रा, त्यामुळे तिथे फारशी चिंता नसते. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर पुढे बहुधा मडगार्डच्या आतला प्लास्टिकचा लाइनरच (अस्तर) घासतो. मागच्या बाजूला मात्र बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा याच कडेवर स्पॉट वेल्डने जोडलेले असतात, म्हणून ती कड ग्राइंडरने कापून टाकणे म्हणजे बॉडीचा जोडच कापणे होय. असे काम आम्ही घेत नाही.

कामापूर्वीचे मोजमाप मला रोलरइतकेच महत्त्वाचे वाटते. टायरच्या मापातला पहिला आकडा म्हणजे त्याची मिलिमीटरमधली रुंदी. 185/65 आर15 च्या जागी 205/60 आर15 टायर घातला, तर त्याच रिमवर तो दोन्ही बाजूंना 10-10 मिलिमीटर वाढतो. सोबत 45 ऐवजी 38 ऑफसेटचे (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूपर्यंतचे मिलिमीटरमधले अंतर; ते कमी झाले की चाक बाहेर सरकते) तेवढ्याच रुंदीचे रिम घेतले, तर चाक आणखी 7 मिलिमीटर, म्हणजे एकूण 17 मिलिमीटर बाहेर येते. कड वळवून मिळणारी जागा त्या कडेच्या रुंदीहून अधिक नसते. म्हणून आम्ही स्प्रिंग उतरवून, चाक जॅकने बंप स्टॉपपर्यंत (चाक वर जाण्याची मर्यादा ठरवणाऱ्या रबरी अडसरापर्यंत) उचलून नेमके कुठे अडते ते पाहतो आणि जागा पुरणार नसेल तर योग्य ऑफसेटचे रिम घेण्याचा सल्ला देऊन गाडी परत पाठवतो. या सल्ल्याने आमचे काम बुडते, तरी तो देणे मला आवश्यक वाटते.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका अधोरेखित केली. त्यामुळे उत्पादकाने मान्य केलेल्या मापांपलीकडचा टायर असेल, तर आम्ही कड वळवून देत नाही.

वळवलेल्या कडेला सीलर आणि रंगाचा हात दिल्यावरच गाडी ग्राहकाच्या ताब्यात जाते. पहिला पावसाळा सरल्यावर तीच गाडी आम्ही पुन्हा बोलावतो, सीलर कुठे सुटला आहे का ते तपासतो आणि त्याचे पैसे घेत नाही.